काटाबाबूंचे नऊ चिंचोके

काटाबाबूंकडे कोणी पहिल्यांदा गेलं की चहाच्या आधी त्याला फायदा ऐकावा लागे. पाहुणा दिवाणावर नीट टेकायच्या आत ते कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरकडे बोट करत आणि म्हणत, "याचा पह्यला फायदा पाहा." मग खटका दाखवत. उजव्या अंगाला, नखाएवढा, त्याच्यावर इंग्रजीत रिपीट लिहिलेलं. तो पुढे सरकवला की तबकडी संपल्यावर सुईचा दांडा आपल्या आपण उठायचा, मागे जायचा आणि पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर येऊन बसायचा. खट्, सुर्र, टक्. कोणी हात लावायला नको. पाहुणा म्हणे, "अरे वा." तेवढ्यानं यांचं भागत नसे. पुन्हा "पह्यला फायदा" म्हणून ते दुसरंच काही सांगायला लागत. तबकडीला बोटं लागत नाहीत. सुई वेडीवाकडी पडत नाही. म्हाताऱ्या माणसाची उठबस वाचते. सगळे फायदे पहिलेच. दुसरा फायदा माझ्या तरी ऐकण्यात कधी आला नाही.

मी सौंसरची. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले ते ऐंशीनंतर दोन-चार वर्षांनी. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत होती, आणि तीही अशी की पलीकडे कोणी शिंकलं तर इकडे माझ्या सासूबाई "कोन वो?" म्हणायच्या. काटाबाबू एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करायचं काम त्यांचं. त्यांचं खरं नाव मला रेशनकार्डावर वाचून कळलं, तेही चार वर्षांनी. मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला सूनबाई.

वजन हा त्यांच्या अंगात भिनलेला रोग होता. बाजारातून मी वांगी आणली की ओसरीवर बसल्या बसल्या हात पुढे करायचे. पिशवी तळहातावर तोलायची, डोळे मिटायचे, आणि "अर्धा किलोत दोन तोळे कमी हाय" म्हणून परत द्यायची. सासूबाईंनी एकदा मुद्दाम घरच्या तराजूवर पाहिलं. कमीच होतं. शेतकरी म्हणत, काट्यावर काटाबाबू असले तर आपण बिडी प्यायला जायला हरकत नाही. मालकाला एक छटाक जास्त नाही, गाडीवाल्याला एक छटाक जास्त नाही. जिनिंगच्या मालकाचा त्यांच्यावर यासाठी रागही होता, पण सोडवतही नव्हतं.

काकूंना लकवा मारला तो मी यायच्या आधी. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. उरला होता एक शब्द, "हाव", म्हणजे हो. भूक लागली तरी हाव, पोट भरलं तरी हाव, राग आला तर जोरात हाव. मूलबाळ नव्हतं. सकाळी एक बाई येऊन आंघोळ घालून जाई, बाकी सगळं काकाजी. नऊला ते जिनिंगमध्ये जात, एकला जेवायला येत, दोनला परत जात आणि पाचला घरी. मधल्या वेळात काकू एकट्या, छताकडे बघत.

सुरुवातीला त्या फार घाबरायच्या म्हणे. काकाजी दाराबाहेर पडले की त्यांना वाटे, हा माणूस गेला तो गेलाच. भिंतीवर घड्याळ होतं, पण लकव्यानंतर त्यातले आकडे त्यांना लागेनात. दहा मिनिटं झाली की चार तास झाले, काहीच कळत नसे. रडून रडून उशी ओली. लोक म्हणाले, रेडिओ लावून देत जा. काकाजींनी तेही करून पाहिलं. "रेडिओचं असं हाय," ते मला म्हणाले, "दुपारी स्टेशन बंद होते, मंग नुसती घरघर. अन् आता काय लागन, कवा लागन, थे तिले मालूम नाई राह्यत. मालूम नसलेल्या गोष्टीचं तिले भेव वाटते."

मग त्यांनी नागपूरहून तो प्लेअर आणला, आणि सोबत भावगीतांची एक तबकडी. एकच. मनगटावरचं घड्याळ लावून तीन वेळा मोजली. एक बाजू, दांडा परत येण्यासकट, बरोबर वीस मिनिटांची. म्हणजे तीन फेऱ्यांचा तास. मग काकूंच्या डाव्या हाताशी दोन वाट्या ठेवल्या. सकाळी एका वाटीत बारा चिंचोके, दुपारी नऊ. दांडा खट् करून उठला की काकूंनी एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिली वाटी रिकामी झाली की नवरा दारात. सकाळी तबकडीची एक बाजू, दुपारी दुसरी. बस्, एवढंच. काकूंचं रडणं आठ दिवसांत थांबलं. आता मला सांगा, असा माणूस पाहुण्याला चहाच्या आधी खटका दाखवणार नाही तर काय करील?

आणि दारात ते असायचेच. एकदा मात्र गाड्यांची रांग लागली म्हणून अर्धा तास उशीर झाला. आत पाऊल टाकलं तसा एक चिंचोका सण्णकन येऊन त्यांच्या चष्म्यावर लागला. मागून दुसरा. काकू डाव्या हातानं नेम धरून मारत होत्या आणि प्रत्येकाबरोबर "हाव! हाव!" चाललेलं. मी दारात उभी राहून पोट धरून हसले. काकाजी खाली वाकून चिंचोके वेचत होते आणि म्हणत होते, "व्होल्टेज जास्त होतं वो, गानं जल्दी चाललं असन." त्या माणसाचं खोटं बोलणं म्हणजे एवढंच, आणि तेही कोणाला पटायचं नाही. काकूंनाही पटलं नाही.

माझ्याकडे दोन कामं होती. सकाळी अकराला आणि दुपारी साडेतीनला जाऊन काकूंना पाणी पाजायचं आणि कूस बदलून द्यायची. दुसरं काम भिंतीचं. काकाजींनीच ठरवून दिलं होतं, "गानं सुरू हाय तं समज सगळं बरोबर हाय. बंद पडलं तं हातचं काम टाकून धावत जा." आमच्याकडे लाइट जायची तेव्हा ती जायचीच. गाणं चिरकत चिरकत मरायचं आणि मी धावायची. काकूंचा हात धरून बसायची. लाइट आली की ते गाणं बैलासारखं हंबरत उठायचं आणि हळूहळू बाईच्या आवाजावर यायचं. तेव्हा आम्ही दोघी हसायचो.

खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात त्या गाण्यांनी मला वेड लागायची पाळी आली होती. तीच बाई, तीच ओळ, तोच सतारीचा तुकडा, दिवसातून दहा-बारा वेळा. नवऱ्याला म्हटलं, मी माहेरी जाते. मग हळूहळू ते ऐकू येईनासं झालं. म्हणजे वाजायचं, पण मला ते घरातल्या भिंतीसारखं झालं. बंद पडलं तरच कळायचं. काकाजी म्हणाले, "हे बराबर झालं. पह्यला फायदा हाच."

होळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे पापड होते. गल्लीतल्या तिघी आल्या होत्या, सासूबाई लाट्या तोडत होत्या, मी लाटत होते. ज्यांनी उडदाचे पापड केलेत त्यांना माहीत आहे, लाट्या एकदा तोडल्या की उठता येत नाही, वाळून त्यांना चिरा पडतात. साडेतीन वाजलेले मला दिसले. हाताला तेल होतं. पलीकडे गाणं चालू होतं. मी स्वतःशी म्हटलं, गाणं चालू आहे ना, मग ठीक आहे, एवढ्या लाट्या होऊ देत. नंतर खट् ऐकू आलं, सुर्र, टक्. मग आणखी एक. मग कोणीतरी सौंसरच्या एका लग्नाची काहीतरी गंमत सांगितली आणि आम्ही सगळ्या हसलो. साडेतीनचं पाणी राहून गेलं.

पाचला भिंतीपलीकडून काकाजींचा आवाज आला. "सूनबाई, इकडे ये बरं जरा." साधा आवाज. मी हात पुसत गेले.

काकू होत्या तशाच होत्या, तोंड किंचित उघडं. काकाजी पलंगाच्या कडेला बसले होते. गाणं चालू होतं. मला काहीच वाटलं नाही. काही वाटण्याच्या आधी माझे डोळे वाटीकडे गेले. दुसऱ्या वाटीत चार चिंचोके होते. पाचवा काकूंच्या बोटांत. मी तिथे उभी राहून हिशेब केला, शाळेतल्या पोरीसारखा. दोनपासून चार म्हणजे तीन वीस. पाचवा उचलला तेव्हा तीन चाळीस. साडेतीनला त्या जिवंत होत्या. साडेतीनला त्या माझी वाट बघत होत्या.

काकाजींनी त्यांच्या बोटांतून तो चिंचोका सोडवला. दोन्ही वाट्या सदऱ्याच्या खिशात उपड्या केल्या. उठून खटका मागे सरकवला आणि ती बाजू संपेपर्यंत उभेच राहिले. दांडा उठला, मागे गेला आणि या वेळी आपल्या जागी जाऊन पडून राहिला. गल्ली एकदम गप्प झाली. दोन मिनिटांत चार घरांतली माणसं धावत आली. गाणं बंद पडलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी बायका बसायला आल्या. काकाजी दाराशी सतरंजीवर होते, दाढी वाढलेली. पापडाला आलेल्यांपैकीच एकीनं, सगळ्यांसमोर, मला विचारलं, "काऊन वो, साडेतीनले तूच जात होती ना पानी पाजाले? त्या दिवशी तं तू पापडावरून उठलीच नाई." सासूबाईंनी मान खाली घातली.

काकाजी तिकडे न बघताच बोलले. "दोनच चिंचोके झाले होते. मी मोजले. तीनच्या आतच गेली थे. साडेतीनले जाऊन काय करनार होती सूनबाई?"

काटाबाबूंनी मोजले म्हटल्यावर विषय संपला. त्या गावात त्यांच्या मापावर बोट ठेवणारा कोणी नव्हता. ती बाई "असं का" म्हणून गप्प झाली. मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची किळस आली. मग तीही गेली. त्यानंतर कितीतरी दिवस काहीच वाटत नव्हतं. भाकरी थापायची, पाणी भरायची, साडेतीन वाजले की उठून उभी राहायची आणि भिंतीकडे बघत उभी राहायची. रडू यावं म्हणून बसून पाहिलं. आलं नाही.

त्यांनीही मला काही विचारलं नाही. पिशवी तोलायला हात पुढे करणं मात्र बंद झालं. पाहुण्यांना फायदा सांगणंही. जिनिंगचा हंगाम संपला तशी त्यांनी नोकरी सोडली आणि बोरगावला भावाकडे राहायला जायचं ठरवलं.

निघायच्या सकाळी रेकॉर्ड प्लेअर दोन्ही हातांत धरून ते आमच्या ओसरीवर आले. वर ती तबकडी. "तुह्याकडं राहू दे," म्हणाले. मी नको नको म्हणत होते. त्यांनी तो खाली ठेवला, धोतरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

"फायदेच सांगत आलो साऱ्याइले," ते म्हणाले. "तोटा सांगाचा राह्यला. मानूस असो का नसो, हे वाजूनच राह्यते."

तेव्हा मला राहवलं नाही. घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "काकाजी, चार होते. पाचवा हातात होता. मी पाहिले."

ते खाली बघत होते. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला जड वाटला.

"काट्यावर मी होतो, सूनबाई," ते म्हणाले. "तू नाई."

आणि ते गेले. पुन्हा भेट झाली नाही. दोन-तीन वर्षांनी सौंसरला माहेरी गेले तेव्हा बोरगावचं कोणीतरी म्हणालं, ते म्हातारेबुवा गेले, झोपेतच गेले. मी बरं म्हटलं आणि चहा प्यायले.

प्लेअर अजून आहे. अधूनमधून, दुपारी, ती दुसरी बाजू लावते. खटका काकाजींनी त्या दिवशी मागे सरकवला, तो मी आजवर पुढे केला नाही. तबकडी संपते, दांडा जागेवर जाऊन पडतो, घर गप्प होतं. हाताला पीठ असो, तेल असो, मी हातचं काम टाकून उठते.