लाल आकाश आणि ओढलेले पडदे

संघमित्रा चिडली की आवाज चढवत नसे. उलट फार हळू आणि स्पष्ट बोलू लागे. मार्च १९८९ मधल्या त्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या घरात ती तशीच बोलत होती.

"पडद्यावरचा हात काढ, देवानंद."

तिला सातवा महिना चालू होता. आधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलेलं. त्यामुळे जवळच्याच उपनगरात राहणाऱ्या आपल्या शोभाकाकूंचा फोन ठेवल्याबरोबर नवऱ्याने भराभर पडदे ओढले होते. उत्तरेचं आकाश लालभडक झालंय, ग्रहणासारखंच काहीतरी आहे, पोटुशीने बघू नये, सुरीला हात लावू नये, असं काकूंनी बजावलं होतं.

"ग्रहण नाही ते. ध्रुवीय प्रकाश आहे. इतक्या दक्षिणेपर्यंत क्वचित उतरतो."

"माहितेय गं. इंजिनिअर आहे मी. पण नाही बघितलं एकदा, तर काय बिघडतं?"

हे तिला झोंबलं. नागपुरात तिचे बाबा, ज्ञानदेव मास्तर, वस्तीतल्या पोरांना मैदानात नेऊन तारे दाखवायचे. ऐंशीच्या सूर्यग्रहणात सगळी गल्ली दारं लावून बसली, तेव्हा ते अंगणात भाकरी खात होते आणि तिची गरोदर वहिनी शेजारी बसून कांदा चिरत होती.

"वहिनीचा पोरगा नऊ वर्षांचा झाला. नाक-कान सगळं जागच्या जागी आहे," ती म्हणाली. "काकूंचं मी समजू शकते. त्या लहानपणापासून हेच ऐकत आल्या. पण तू? हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावतोस आणि त्यांच्यासमोर पडदे ओढतोस?"

"मी घाबरलोय, मित्रा."

"मी नाही घाबरले? मागच्या वेळी मी कुठलं आकाश बघितलं होतं, सांग ना!"

तिने त्याचंच जाकीट चढवलं. पोटावर चेन लागेना, तशीच ती मागच्या अंगणात गेली.

"अगं, आत्ताच विरले हिरवे झोत!" शेजारची डोरोथी कुंपणापलीकडून इंग्रजीत हळहळली.

छपरांच्या वर आता नुसती लाली उरली होती, मंद होणारी, पुन्हा उजळणारी. तिच्यातून चांदण्या आरपार दिसत होत्या. संघमित्राला हुंदका आला, आणि त्यात राग आनंदाहून कमी नव्हता.

देवानंद खुर्ची घेऊन आला. "बस."

"नको."

त्याने वर पाहिलं. "बापरे!"

"हिरवंही दिसलं असतं. दोघांना. तुझ्या पडद्यांनी घालवलं." तिने डोळे पुसले, पण नजर खाली आणली नाही. "जा, काकूंना फोन कर. मी बाहेर उभी आहे म्हणावं. आणि त्यांनाही अंगणात यायला सांग, हे जायच्या आत."