अक्षता आणि कण्या

आज पूजेसाठी अखंड तांदूळ निवडताना डिचोलीच्या खाणीवरील प्रयोगशाळा आठवली. तेथे मी लोहखनिजाचे नमुने तपासत असे. एका ढिगाचा कस, म्हणजे लोहाचे प्रमाण, तीनदा तपासूनही कमीच भरला. असा माल ग्राहक नाकारणार होता. त्रासलेल्या खाणीच्या साहेबांनी स्वतः लाल धुळीत बसून त्याच ढिगातले काळे, जड दगड तेवढे वेचले. "भटजी, आता हे कुटा." "साहेब, हा त्या ढिगाचा नमुना नव्हे." "तुमी देवाक अक्षता निवडूनच घालतात, न्हय?" सगळे हसले. मी ते दगड कुटले. कस उत्तम आला. अहवालाखाली मी स्वाक्षरी केली. उत्तर आज सुचते आहे: निवडून उरलेल्या कण्या आम्ही स्वतः खातो, अक्षता म्हणून कुणाच्या गळ्यात मारत नाही. ऐकायला साहेब उरले नाहीत. स्वाक्षरी मात्र माझीच आहे.