पोह्यांचा ट्रक रेल्वेने गेला तेव्हा

बाबांना जाऊन पाच महिने झाले. त्यांच्या चपला अजून पेणच्या घराच्या दाराशी आहेत. उजव्या चपलेची टाच डावीपेक्षा कितीतरी जास्त झिजली आहे. ती दिसली की मला हटकून एक प्रवास आठवतो आणि आठवला की बरं वाटतं. म्हणून सवडीने लिहून ठेवते आहे.

बाबा रोह्याच्या एका पोहा मिलचा ट्रक चालवत. दिवाळी जवळ आली की गोव्याची मागणी वाढे. नरकचतुर्दशीला तिकडे घरोघर पोह्यांचे नाना प्रकार करतात, हे मला पुस्तकातून नाही, बाबांकडून कळलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, सपाटीला गाडी चालवा, घाटात नको. पण घाट टाळून गोव्याला जाणार कसं? मिलचे मालक दुसरा ड्रायव्हर शोधू लागले. बाबा रोज सकाळी, कुठे जायचं नसताना, दाढी करून तयार बसू लागले.

त्याच वर्षी कोलाडला नवी सोय सुरू झाली होती. भरलेला ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणीवर, म्हणजे बिनभिंतींच्या मालडब्यावर, चढवायचा, तो थेट गोव्यात उतरवायचा. ड्रायव्हरने आणि क्लीनरने आपल्याच केबिनमध्ये बसून राहायचं. ट्रकांनी जाळलेलं डिझेल वाचावं म्हणून सरकारने ही युक्ती काढली होती.

"गाडीवर गाडी!" बाबा म्हणाले. "उद्या बैलगाडीत बैल बसवतील."

"बसवूदेत," आई म्हणाली. "तुम्ही पण बसा."

मालक एका फेरीला कबूल झाले. ती जमली तर बाबांचं स्टेअरिंग बाबांकडेच राहणार होतं.

क्लीनर दिवाळीसाठी गावी गेलेला. मला कॉलेजची सुट्टी होती. आईने मला पडवीत बोलावून हळूच सांगितलं, "तू जा गो बरोबर. वाचत बस, बोलू नको काय. फक्त त्यांना घाटात चालवू देऊ नको."

कोलाडला पोहोचलो तेव्हा उन्हं चढली होती. ट्रक रांगेत उभे होते. कागद तपासणारे रेल्वेचे कारकून माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहून म्हणाले, "काका, तुमचा क्लीनर कॉलेजला जातो वाटतं?"

"व्हय तर. पाना मागितला की कविता देतो."

कारकून हसले. बाबांनी मग पुढच्या इंजिनाकडे बोट केलं. "ह्ये पण डिझेलवरच चालतंय ना? मग वाचलं काय?"

"तुम्हा सगळ्यांची इंजिनं बंद, एकच चालू. करा हिशेब."

बाबांना ते पटलं असावं, त्यांनी कागद खिशात घातले.

वाघिणीवर चढायच्या आधी एका लोखंडी कमानीखालून जावं लागे. कमानीला लागलेला ट्रक पुढे पुलाखाली, बोगद्यात अडकेल, म्हणून तो घेत नसत. आमचा लागला. ताडपत्रीचा उंचवटा कमानीला घासून थांबला. पोहे हलके. त्यामुळे वजनाची धास्ती नाही, म्हणून मिलमध्ये पोती नेहमी उंच रचत. इतक्या वर्षांत वजनकाट्याला भ्यायची सवय लागली होती, उंची कुणी मोजलीच नव्हती.

बाबांनी चाकांतली थोडी हवा सोडली. दोन बोटं फरक पडला. अजून वीतभर हवा होता.

"पोती दाबून बसवा," मागचा एक ड्रायव्हर ओरडला. "नाचा वर चढून!"

"लोकांच्या दिवाळीचे पोहे हायत ते," बाबा चिडून म्हणाले. "पायाखाली घालू?"

कारकुनांनी घड्याळ पाहिलं. बाबांनी ट्रक मागे घेतला, बाजूला लावला आणि महामार्गाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ रस्त्यानंच. हळू चालवतो. आईला सांगू नको."

मला वाद घालता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. मी पुस्तक मिटलं.

"बाबा, एकदम वरच्या ओळीत पोती किती?"

"सात."

"केबिनमध्ये किती मावतील?"

त्यांनी वळून आत पाहिलं. "सातही मावतील. पण क्लीनर कुठं बसणार?"

"पोत्यांवर."

मी खाली उतरून ताडपत्रीचा दोर सोडायला लागले. गाठ काही सुटेना. थोडा वेळ बघून बाबा आले आणि म्हणाले, "सर बाजूला, कविता."

या वेळी ताडपत्री कमानीखालून न घासता गेली. चाकांना ठोकळे लागले, साखळ्या आवळल्या आणि दुपारी आम्ही निघालो. मी पोत्यांवर, डोकं छताला टेकलेलं. केबिनभर नव्या पोह्यांचा उबदार वास. बाबांचे दोन्ही हात बंद ट्रकच्या स्टेअरिंगवर.

खेडच्या अलीकडे लांबच लांब बोगदा लागला. वरती कुठेतरी कशेडी घाटाचे डोंगर. केबिनमधला मिणमिणता दिवा बाबांनी लावला, तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. उजवा पाय ब्रेकवर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. गाडी सरळ चालली होती आणि ते वळणामागून वळण घेत होते. मध्येच डावा पाय क्लचवर जाई. बाहेर संध्याकाळचा उजेड आला तसे त्यांनी पाय मागे ओढून घेतले, चपला काढल्या आणि मांडी घातली.

"उतरला घाट," ते म्हणाले.

चिपळूण यायच्या आत ते झोपले होते. ड्रायव्हरच्या सीटवर झोपलेले बाबा मी पहिल्यांदाच पाहिले.

सकाळी गोव्यात उतरल्यावर मी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"घाटात चालवली काय गो त्यांनी?"

"चालवली," मी म्हणाले. "पण गाडी बंद होती."

"म्हंजे?"

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "म्हंजे पुढच्या फेरीला डबा जास्त दे. बसून बसून भूक लागते."