वाटीतलं कढत पाणी

साखर कारखान्यात हयात घालवून गोडाला भिणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे बॉयलरवाले मामा. रस आटवताना वापरलेल्या वाफेचं पाणी होतं. ते कढत पाणी पुन्हा बॉयलरला दिलं की त्यातली उष्णता वाया जात नाही. मामा तासातासाला ते पाणी पितळी वाटीत निववून जिभेवर ठेवायचे. बेचव लागलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

"रस मिसळला तर नळ्यांत करपून बसतो, म्याडम. मग नळी फुटती. समोरचा माणूस वळखू येत न्हाय," ते सांगायचे. जळकोटच्या एका जोडीदाराला त्यांनी तसं पाहिलं होतं.

त्या पाण्यात साखर आहे का, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम माझं. नवी पदवी, त्यामुळे शिंगं फुटलेली. जिभेपेक्षा रसायन बरं, असं मी त्यांना ऐकवायचे.

"आसंल की. पर बॉयलरम्होरं म्या हुबा ऱ्हातो," मामा म्हणायचे.

हंगाम सरत आला तशी मी कंटाळले. एका दुपारी नमुना न घेताच वहीत 'साखर नाही' असं लिहून चहाला गेले. परतले तर मामा धावत होते. बॉयलरला परत जाणारं पाणी गोड लागताच तोडून त्यांनी गटारात सोडलं होतं आणि भट्टीत उसाचं चिपाड टाकणं थांबवलं होतं. इंजिनिअरसाहेब माझी वही नाचवत ओरडत होते, "लॅब नाही म्हणते, तुम्ही कोण बंद करणारे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "परत तपासा, म्याडम," एवढंच म्हणाले.

मी नमुना भरून आणला आणि त्यात रसायन घातलं. परीक्षानळीत जांभळं कडं उमटलं, म्हणजे पाण्यात साखर होती. रस आटवायच्या भांड्याची नळी झिरपत होती. खाली बॉयलरसमोर चौघं राख ओढत होते.

संध्याकाळी मी मामांना गाठलं. "मामा, मी तपासलंच नव्हतं."

"म्हाईत हाय. तुमची नमुन्याची बाटली कोरडी व्हती."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तुमाला काढलं आसतं. नवीन कुणी आलं आसतं. त्याला भ्या कुठनं आनायचं? तुमाला आता बसलंय."

त्या हंगामानंतर मामा निवृत्त झाले. पुढच्या वर्षी भट्टी पेटली, त्या सकाळपासून मी तासातासाला नमुन्याची बाटली भरून आणत होते. त्या बॉयलरला भिणारी आता मी एकटीच उरले होते.