काकांचा कीबोर्ड

चौक गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचं संगणकाच्या बाबतीत मत नाही अशी गोष्टच नव्हती. लॅपटॉप दिसला की म्हणत, "मांडीवर घ्यायला ते काय मांजर हाय?" फोटो क्लाऊडवर ठेवणं म्हणजे आपली पेटी परक्याच्या माळ्यावर टाकणं. पण त्यांचा खरा जीव होता तो जुन्या, जाडजूड कीबोर्डवर. "बटण दाबलं तर बोटाला कळाय पाहिजे गं," असं मला सांगत. दुपारी जेवून ते नेटवर अनोळखी लोकांना कुठला मॉनिटर घ्यावा ते समजावत बसत, आणि आमच्या मधल्या भिंतीतून खटखट येत राही.

माझी मुलगी जन्मली आणि त्या खटखटीने दुपारी तिचा डोळा लागेना. तरी मी बोलले नाही. त्यांचा तेवढाच विरंगुळा होता. मग एक दिवस आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजारी पडले की काय, म्हणून मुलीजवळ सासूबाईंना बसवून मी धास्तावून त्यांच्याकडे गेले.

काका एका रबरी कीबोर्डवर तोंड वाकडं करून टाइप करत होते.

"गार भातात बोटं घातल्यावानी वाटतंय," ते पुटपुटले. "पण पोर झोपते ना?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं.

"उठली!" काकांचा चेहरा एकदम खुलला. मी दारापर्यंत पोचले नव्हते, तोवर त्यांनी जुना कीबोर्ड जोडलासुद्धा.