चेटकिणीला नवरा नको, बायकोही नको

नाटकवाल्यांचे जोडे शिवणाऱ्या मावशीला जन्मभर एकच विनोद ऐकावा लागला. सगळ्यांचे जोडे शिवतेस, तुझा जोडा कुठाय? जो तो आत्ताच सुचल्यासारखा सांगायचा आणि वर ती हसण्याची वाट बघायचा. मावशी तोंडात खिळे धरून काम करायची, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नसे. एवढा एक त्या धंद्याचा फायदा.

तिला नवरा नको होता. कुणी फसवलं नव्हतं, कुणावर रुसली नव्हती. त्या वाटेला तिचं मन कधी गेलंच नाही. माणसं मात्र तिला भरपूर लागायची; दुकानात बाकावर कुणी ना कुणी चकाट्या पिटत बसलेलं असायचंच.

थोरल्या बहिणीला हे काही पटेना. बहिणीच्या लेकीनं एका मुलीशी संसार मांडला, तेव्हा बहिणीनं आधी आकाशपाताळ एक केलं आणि मग त्या सुनेच्या कह्यात इतकी गेली की पोटच्या पोरीला विचारेना. तेव्हापासून बाईला वाटायला लागलं, आता जगातलं सगळं आपल्याला कळलं. एक दिवस दुकानाचं दार ओढून घेऊन ती हळूच म्हणाली, "तुझंही तसंच होतं का गं? आधी सांगायचंस. मी मुलगी बघितली असती."

"मुलगीही नको, ताई."

"मग अडचण काय आहे?"

मावशीनं दाभण खाली ठेवलं, पुन्हा उचललं. अडचण नव्हती, हीच त्या बाईची अडचण होती.

ही भाची नाटकं लिहायची आणि बसवायची. यंदाचं नाटक हसतंखेळतं होतं. एकमेकांवर भाळलेले दोन राजपुत्र, उडणारी खाट, शिंकला की आग ओकणारा राक्षस, आणि या सगळ्यांना मार्गी लावणारी चेटकीण, जिला स्वतःला कुणीच नको. मावशी वाचताना त्या चेटकिणीपाशीच थांबली. आजवर गोष्टीत अशी बाई भेटली, ती एकतर शापानं दगड झालेली, नाहीतर शेवटी सुधारून बोहल्यावर चढलेली. ही चांगली धडधाकट होती, जिभेची तिखट होती. मावशीनं तिला लाल कातड्याचे, जाड तळाचे बूट शिवले, डोंगर चढून आपल्या घरी जायला.

तालमी रंगात आल्या आणि भाची ते बूट परत घेऊन आली. तळ पातळ हवा, शेवटी नाच आहे. आणि त्याच लाल कातड्याचा आणखी एक जोड हवा, शेवटी चेटकिणीसोबत नाचायला नव्यानं घातलेल्या, जहाजं लुटणाऱ्या चाचेबाईसाठी. मावशी काय ते समजली, तरी विचारलं. भाची चाचरत म्हणाली, नटमंडळी ऐकत नाहीत, एकटी सोडली तर लोकांना वाईट वाटेल म्हणतात. नाच नको तर निदान जुना प्रेमभंग तरी दाखवू म्हणतात, म्हणजे काही कारण राहील.

मावशीनं तोंडातले खिळे तळहातावर काढले.

"तुझे राजपुत्र भाळले, त्याला कुणी कारण मागितलं?"

भाचीनं हातातला बूट उलटा करून तळ बघितला. "मग शेवटी ती करते तरी काय?"

"राजपुत्रांच्या लग्नात पोटभर जेवते, चार जणांची टिंगल करते, आणि घरी जाऊन दार लावून गाढ झोपते. मी काय करते?"

भाची बूट होते तसेच घेऊन गेली.

प्रयोगाला बहीण मावशीच्या शेजारी बसली होती. चेटकीण जेवून निघाली, तशी आता येईल बघ कुणीतरी मागनं, असं पुटपुटत ती खुर्चीच्या कडेला सरकली. कुणी आलं नाही. चेटकीण दार लावून घोरायला लागली, लोक पोट धरून हसले, पडदा पडला. बहीण रडत होती.

"मी लग्न करून निघून गेले," ती म्हणाली, "आणि तू आईच्या आजारपणात अडकलीस. मला वाटायचं, माझ्यामुळे तुझं राहून गेलं."

मावशीला हसावं की एक चापट द्यावी, कळेना. अपराधी वाटायचं हिला, म्हणून स्थळं आणायची ही, आणि डोकं उठायचं आपलं.

"माझं काही राहिलं नाही. एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं की. शंभरदा विचारलं."

"तू स्थळं विचारलीस, ताई. मला कुठं विचारलंस?"

बहिणीनं नाक पुसलं. "मग आता विचारते. बरी आहेस ना?"

"बरी आहे. आणि ऊठ आता, ते लोक खुर्च्या आवरताहेत."