छायाताईंनी फिरवलेला शब्द

विंचूरच्या वाइन पार्कातल्या एका लहानशा वायनरीत छायाताई दरेकर लागल्या त्या ग्लास धुवायला. लेक निकिता शिकायला नाशकात गेली, कांद्याचं रान नवरा गोटीराम एकटा बघायचा, मग घरी बसून करायचं काय? सून दारूच्या कारखान्यात जाते म्हणून सासूबाई सुलाबाई आठवडाभर फुगून बसल्या. नंतर एकदा स्वतः येऊन बघून गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या, की तिथं आपल्या चुलीपाशी नसेल एवढं धुणं-पुसणं चालतं.

छायाताईंच्या नाकाची गोष्ट योगायोगानंच बाहेर आली. एक दिवस प्रयोगशाळेत ग्लास विसळताना त्या सहज बोलून गेल्या, की ह्यात कुणी ढोबळी मिरची ठेवली होती का. वाइन बनवणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी झटकन मान वर केली. कॅबर्नेची द्राक्षं घाईनं तोडली की वाइनला नेमका तोच वास येतो, आणि घाई झाली की नाही यावरून मॅडमचं बागेतल्या माणसांशी दोन दिवस वाजत होतं. त्या दिवसापासून प्रत्येक नमुना छायाताईंच्या नाकाखालून जाऊ लागला. त्या घोट तोंडात घोळवायच्या, थुंकायच्या आणि मत सांगायच्या. गोटीराम पारावर सांगायचा, की आमच्या मंडळींना थुंकायचा पगार मिळतो.

वाइनची इंग्रजी भाषा त्यांना आली नाही, त्यांनी ती मनावरही घेतली नाही. तुरट वाइन कच्च्या सुपारीसारखी, बूच बिघडलेली ओल्या गोणपाटासारखी, एवढ्यावर त्यांचं भागायचं. नऊ वर्षांत त्यांचा शब्द एकदाही खाली पडला नाही.

गेल्या वर्षी, द्राक्षाचा हंगाम उरकला तेव्हा, नव्या मालासाठी तळघरात जागा कमी पडू लागली. कोपऱ्यात दोन हजार अकराच्या कॅबर्नेचे ऐंशी खोके पडून होते. मालक मनोजशेठ म्हणाले, ही वाइन जिवंत आहे की मेली, एवढं सांगा. मेली असेल तर डिस्टिलरीला देऊन टाकू.

सकाळी अकराला तीन वेगवेगळ्या खोक्यांतून तीन बाटल्या उघडल्या. मॅडमना नेमकी सर्दी झाली होती, त्यामुळे सगळी भिस्त छायाताईंवर. त्यांनी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मधे गडद लाल, कडेला विटकरी. म्हणजे वय झालंय, एवढंच. मग वास घेतला. बंद पेटीसारखा कोंदट, त्यात विझवलेल्या काडीचा धूर. घोट घेतला तर चवही आक्रसलेली, नुसती आंबट. तिन्ही बाटल्या सारख्याच.

"ही गेली, मॅडम," त्या म्हणाल्या.

मॅडमनी वहीत तसं लिहिलं आणि शेठनी डिस्टिलरीला फोन लावला. टेम्पो तीनला येणार होता.

जेवण झाल्यावर छायाताई चाखायचे ग्लास धुवायला आल्या. साबणाचा कण राहिला तरी वाइन बिघडते, म्हणून हे काम त्या दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. पहिला ग्लास नळाखाली धरणार, तोच त्यांचा हात थांबला. ग्लासातून वाळलेल्या जांभळाचा वास येत होता. त्याच्यामागून खारीक, आणि अगदी तळाशी पाऊस पडून गेलेल्या पाचोळ्याचा. त्यांनी उरलेला घोट घेतला. सुपारीचा तुरटपणा औषधालाही नव्हता. घोट जुन्या सुती लुगड्यासारखा मऊ लागला. आंबटपणा होता, पण ताकात हवा तेवढाच.

त्या तशाच मोरीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर टेम्पोत खोके चढवल्याचा आवाज येत होता. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. बोललं तर नऊ वर्षांचं नाक एका दुपारीत जाणार होतं. पण चांगली वाइन आपल्या एका शब्दावर भट्टीत जाईल, हे काही त्यांना गिळवेना. ग्लास हातात घेऊनच त्या बाहेर पडल्या.

शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सकाळचा तुमचा शब्द खरा धरू की आत्ताचा?"

"आत्ताचा, शेठ. चौदा वर्सं कोंडलेली ती, तिला श्वास घ्यायला मी येळच दिला नाय. चूक माझी हाय."

टेम्पोतून शेठनी स्वतः दोन बाटल्या काढल्या. मॅडमनी त्या काचेच्या दोन जगांत हलकेच ओतल्या, तळाचा गाळ बाटलीतच ठेवला. मग सगळे बसून राहिले. हमाल लिंबाखाली आडवे झाले, ड्रायव्हरनं दोनदा चहा मागवला, आणि छायाताईंनी तासाभरात घड्याळाकडे किती वेळा पाहिलं, ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या जगाला ओल्या गोणपाटाचा वास आला. छायाताईंनी बूच हुंगून पाहिलं, दोष त्याचाच होता. दुसरा जग मात्र उमलला होता, दुपारच्या ग्लासासारखाच. शेठनी घोट घेतला, मग आणखी एक घेतला, आणि हमालांना हाक मारून खोके उतरवायला सांगितले.

"अजून पाचेक वर्षं ठेवायची का?" त्यांनी विचारलं.

"नको. पिकायची तेवढी पिकली. अजून दोन वर्सांनी फळ जाईल, निस्ता आंबटपणा ऱ्हाईल. आवंदाच काढा."

तशी ती त्याच वर्षी काढली. उघडून तासभर ठेवा, असं लेबलावर छापलं आणि दिवाळीच्या आत सगळी संपलीही. मॅडमनी वहीतला सकाळचा शेरा खोडायला पेन उचललं, तेव्हा छायाताईंनी तो तसाच राहू द्यायला सांगितलं. त्याखाली दुपारची वेळ घालून दुसरा शेरा लिहवून घेतला. आता तिथली प्रत्येक जुनी बाटली दोनदा चाखतात. मधल्या तासात छायाताई आणि मॅडम अंगणात खुर्च्या टाकून बसतात आणि वाइन सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतात.